एकोणीस विद्या आणि नागसेनवन

'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथातील रथाची उपमा आपल्या समाजात सर्वांना ठाऊक आहे. विहारांतील प्रवचनांतून ती वारंवार ऐकावयास मिळते. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी राजा मिलिंदाचे जे वर्णन आलेले आहे, त्याकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. प्रश्न विचारणाऱ्या या ग्रीक राजाची तयारी काय होती हे सांगताना ग्रंथकाराने त्याला एकोणीस विद्या अवगत असल्याचे नमूद केलेले आहे. त्या यादीत श्रुती-स्मृती आहेत, सांख्य, योग, न्याय आणि वैशेषिक आहेत. त्यांच्याच पंक्तीला गणित, वैद्यक, संगीत, ज्योतिष, युद्धशास्त्र, इतिहास आणि छंदशास्त्र बसलेले आहे. आज विद्यापीठात ज्यांच्यासाठी वेगवेगळ्या इमारती बांधाव्या लागतात, त्या विद्या तेथे एकाच माणसाच्या ठायी एकत्र नांदतात.

ह्याच ग्रंथातील आणखी एक प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. संवाद पुढे नेण्यापूर्वी भदन्त नागसेन राजाला एक अट घालतात. तुम्ही पंडितांप्रमाणे वाद करणार असाल तर आपण बोलू, राजांप्रमाणे करणार असाल तर बोलणार नाही. यातला भेद काय, असे राजाने विचारल्यावर ते सांगतात की, पंडितांच्या वादात गुंता होतो आणि सुटतो, चूक दाखविली जाते आणि ती मान्यही केली जाते, आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. राजे मात्र आपल्या मताला विरोध करणाऱ्यास दंड देतात. संशोधनाची याहून नेमकी व्याख्या आम्हास आधुनिक ग्रंथांतही क्वचितच आढळली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) आपल्या महाविद्यालयास 'मिलिंद' आणि त्याच्या परिसरास 'नागसेनवन' ही नावे दिली, तेव्हा ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात असल्या पाहिजेत असे आम्हास वाटते. विद्यार्थी मिलिंदासारखा प्रश्न विचारणारा असावा आणि आचार्य नागसेनांसारखा उत्तर देण्यास समर्थ असावा, ही त्या नावांमागील कल्पना.

प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. एका विहारात झालेल्या व्याख्यानानंतर रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका तरुणाने आम्हास विचारले की, इतिहास, समाजशास्त्र, साहित्य या विषयांचे विद्यार्थी चळवळीच्या उपयोगी पडतात. आमच्यासारख्यांनी प्रयोगशाळेत बसून समाजासाठी काय करावे? प्रश्नात खोच नव्हती, खंत होती. त्यावेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हालाच अपुरे वाटले.

हा प्रश्न मराठवाड्यात विचारला जावा यालाही काही अर्थ आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या आधीन होते आणि त्याचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या व महाराच्या मुलाला पदवी ही दोन परक्या दारांपलीकडची वस्तू होती. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि जून १९५० मध्ये औरंगाबादेत दुसरे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या काळात या महाविद्यालयाने जी पिढी घडविली तिच्या साहित्यिक कर्तृत्वाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. दलित साहित्याच्या इतिहासात नागसेनवनाचे स्थान निर्विवाद आहे. परंतु बाबासाहेबांनी येथे कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही चालविली, पुढे दोहोंची स्वतंत्र महाविद्यालये झाली, ही गोष्ट मात्र आपण जाता जाता सांगतो. वास्तविक प्रयोगशाळा उभारणे हे वर्ग भरविण्याहून कितीतरी खर्चाचे काम. पैशाची सदैव ओढाताण असलेल्या संस्थेने तो खर्च हौसेने केलेला नाही.

आता खुद्द बाबासाहेबांच्या संशोधनाकडे पाहू. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. शिवाय मानवशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन होतेच. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तो पुढल्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी' मध्ये छापला गेला. त्यावेळी त्यांचे वय होते २५ वर्षे, आणि ते होते अर्थशास्त्राचे विद्यार्थी. निबंधाची रीतही अर्थशास्त्रज्ञाचीच आहे. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या एकामागून एक तपासून ते म्हणतात की, जातीचे खरे लक्षण एकच, जातीअंतर्गत विवाह. तो टिकवावयाचा तर जातीतील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे. पती वा पत्नी निवर्तली की एक व्यक्ती 'अतिरिक्त' ठरते, आणि ती जातीबाहेर विवाह करील हा धोका निर्माण होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे त्या अतिरिक्त व्यक्तीची विल्हेवाट लावण्याचे उपाय होत. मागणी आणि पुरवठा यांचा हिशेब मांडावा तसा हा हिशेब त्यांनी मांडला. हे कुंपण प्रथम ब्राह्मणवर्गाने स्वतःभोवती घातले, आणि मग इतरांनी काही अनुकरणाने, काही दार बंद झाल्यामुळे ते स्वीकारले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतरची त्यांची कामे आम्ही येथे धावत्या ओळींत सांगतो, कारण ती बहुतेकांना नावाने माहीत आहेत. १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध. त्यात जमिनीचे तुकडे जोडल्याने प्रश्न सुटणार नाही, शेतीवर विसंबून असलेले रिकामे हात उद्योगधंद्यात गेले पाहिजेत, हा विचार आहे. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ, ज्यात केन्स यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने पुरस्कारिलेल्या सुवर्ण विनिमय परिमाणाला विरोध केला आहे. या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी आपला काही बाबतीत मतभेद असल्याचे तेथेच लिहून ठेवले. पंडितवाद म्हणतात तो असा. १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील प्रबंध प्रसिद्ध झाला. (रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली, असे आमच्या सभांतून आता सर्रास सांगितले जाते. चलनाच्या प्रमाणावर कायमची मर्यादा घालावी, सरकारच्या मर्जीवर रुपया सोडू नये, हा त्या ग्रंथाचा खरा आग्रह आहे. श्रेय वाढवून सांगण्यापेक्षा ग्रंथ वाचून सांगितला तर श्रोत्यांच्या पदरात अधिक पडेल.) १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रममंत्री असताना दामोदर नदीची योजना, वीजनिर्मिती आणि जलमार्ग हे विषय त्यांच्याकडे आले. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्यास हात लावू दिला नाही, त्याने नद्यांच्या पाण्याचे नियोजन केले, एवढे नोंदवून आम्ही पुढे जातो.

आम्हास थांबावयाचे आहे ते १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथापाशी. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, आर्यांनी जिंकलेले लोक होत, असे मत त्याकाळी विद्वानांत रूढ होते. त्याला आधार दिला जाई तो मानवमितीचा. रिस्ले यांनी १८९१ साली बंगालमधील जातींची मोजमापे प्रसिद्ध केली होती. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की जो अंक येतो तो नासिका निर्देशांक. तो जितका कमी तितका मनुष्य आर्य, असा हा सिद्धांत. बाबासाहेबांनी हा सिद्धांत अन्यायाचा म्हणून फेटाळला नाही. डॉ. घुर्ये यांनी दिलेली नासिका निर्देशांकांची कोष्टके घेऊन ते प्रांतवार बसले. एकाच प्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे आकडे समोरासमोर ठेवले. निष्कर्ष असा निघाला की, ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य ठरतात, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, आणि नाग असतील तर तेही नाग. म्हणजे अस्पृश्यतेचा उगम वंशात शोधता येत नाही. तो इतिहासात शोधावा लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नाकाच्या मापावरून वंश ठरविणारे ते शास्त्र आज टाकाऊ ठरलेले आहे. त्यामुळे बाबासाहेबांच्या युक्तिवादाचे बळ कमी होत नाही, कारण त्यांनी प्रतिपक्षाच्या हत्यारानेच प्रतिपक्षाचे मत तोडून दाखविले होते. मात्र आजच्या अभ्यासकाने तीच कोष्टके पुन्हा पुराव्यादाखल छापावीत हे योग्य नव्हे. आमच्या काही प्रकाशनांतून तसे होते, म्हणून हे लिहावे लागले. त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच आपला सिद्धांत हा अंतिम शब्द नसल्याचे म्हटलेले आहे. पुराव्याचे दुवे जेथे तुटलेले आहेत तेथे अनुमानाने ते जोडावे लागतात, आणि ते अनुमान टिकते की नाही हे टीकाकारांनी तपासावे, अशी त्यांची भूमिका आहे. अस्पृश्यतेचा जन्म त्यांनी इ. स. ४०० च्या सुमारास, गुप्तकाळात मानला.

तपासण्याची नवी साधने आता उपलब्ध झालेली आहेत. १९१६ च्या निबंधास बरोबर शंभर वर्षे झाली त्या २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या अनलाभ बसू, नीता सरकार-रॉय आणि पार्थ मजुमदार या संशोधकांनी भारतातील अनेक समूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन समूहांत विवाह झाले की त्यानंतर गुणसूत्रांवरील एका मूळ समूहाकडून आलेले तुकडे पिढ्यान् पिढ्या अधिकाधिक लहान होत जातात. विवाह थांबले की सरमिसळही थांबते. त्या तुकड्यांच्या लांबीवरून सरमिसळ केव्हा थांबली याचा काळ काढता येतो. त्यांच्या गणितानुसार उच्चवर्णीय समूहांत जातीअंतर्गत विवाहाचा निर्बंध सुमारे ७० पिढ्यांपूर्वी, म्हणजे दीड हजारांहून काही अधिक वर्षांपूर्वी, गुप्तांच्या राजवटीत पक्का झाला असावा.

हे वाचून आमच्यातील पुष्कळांना आनंद होईल आणि बाबासाहेबांचे म्हणणे विज्ञानाने सिद्ध केले असे फलकही लागतील. आम्ही थोडा संयम सुचवितो. विवाहाचा निर्बंध आणि अस्पृश्यता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणाला गावकुसाबाहेर काढले आणि कोणत्या कारणाने, हे रक्ताचा थेंब सांगू शकत नाही. त्यासाठी स्मृतिग्रंथ, ताम्रपट आणि चिनी प्रवाशांची वृत्ते यांचेच परीक्षण करावे लागेल. मात्र जातीचे मर्म विवाहाच्या निर्बंधात आहे आणि वरच्या वर्गाने तो आधी स्वीकारला, हे एका तरुणाने केवळ तर्काने मांडलेले सूत्र आणि शंभर वर्षांनंतरचे प्रयोगशाळेतील मोजमाप हे एकमेकांच्या इतके जवळ यावेत, ही गोष्ट सामान्य नाही. ह्यापुढचा प्रश्न कोणी सोडवावयाचा? जनुकशास्त्र जाणणाऱ्याला स्मृतींचा कालक्रम ठाऊक नाही आणि संस्कृत-पालि जाणणाऱ्याला गुणसूत्रांचे गणित येत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या अगदी दाराशी आहे. वेरूळच्या लेण्यांत भिंतींवर आणि छतांवर मातीचा गिलावा दिलेला आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यातील रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील म. म. सरदेसाई यांनी १२ क्रमांकाच्या बौद्ध लेण्यातील, म्हणजे तीन मजली 'तीन ताल' लेण्यातील, गिलाव्याचे नमुने तपासले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटमापन यांच्या साहाय्याने त्यांनी गिलाव्यातील तंतूंची ताज्या झाडाच्या तंतूंशी तुलना केली. ते तंतू भांगेच्या झाडाचे निघाले. हा शोधनिबंध २०१६ साली 'करंट सायन्स' मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील विशेष असा की, वेरूळच्या ह्या गिलाव्यात किडीचा उपद्रव आढळत नाही. अजिंठ्यात, जेथे भांग वापरलेली नाही, तेथील चित्रांपैकी किमान चतुर्थांश भाग कीटकांनी खराब केल्याचे ह्या संशोधकांनी नमूद केलेले आहे. भांगेचा तंतू चिवट असतो. माती वाळताना पडणाऱ्या भेगांना तो धरून ठेवतो, आणि किडीला ती वनस्पती मानवत नाही.

कोणी म्हणेल, मातीत भांग होती की ताग होता याने धम्माचे काय बिघडते? अजिंठ्याच्या भिंतीवरील ज्या जातककथांचे आपण कौतुक करतो त्या कातळावर रंगविलेल्या नाहीत, मातीवर रंगविलेल्या आहेत. माती गळाली की कथा गेली. आणि ती माती कोणी मळली, भांगेचे खोड कोणी कुजविले, कोणी कुटले, किडीला काय चालत नाही हे ज्ञान कोणत्या कारागिरांच्या घराण्यात होते? दान देणाऱ्या राजाचे नि मंत्र्याचे नाव शिलालेखात आढळते. माती मळणाऱ्याचे आढळत नाही. त्याच्याविषयीचा एकमेव दस्तऐवज तो गिलावाच आहे, आणि तो वाचण्याची लिपी रसायनशास्त्रज्ञाला व वनस्पतिशास्त्रज्ञाला येते.

गंमत अशी की, या गिलाव्याविषयी आमच्या पालि पंडितांनाही काही सांगता आले असते. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या सहाव्या खंधकात भिक्खूंच्या निवासस्थानांचे नियम आहेत. खरबरीत भिंतीवर रंग बसेना, तेव्हा भगवंतांनी 'थुस' मिसळलेल्या मातीचा लेप थापीने देण्याची अनुज्ञा दिली, असे तेथे सांगितलेले आहे. थुस म्हणजे आपले भाताचे तूस. अजिंठ्याच्या गिलाव्यात तूस सापडतेच. विनयातील एक नियम आणि अजिंठ्यातील मातीचा एक कण परस्परांची साक्ष देतात. पण पालिचा अभ्यासक आणि रसायनाचा अभ्यासक यांची गाठ, विद्यापीठाचे एकच फाटक असूनही, क्वचितच पडते. त्याच विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. तेथल्या अवशिष्ट गिलाव्याचाही असा अभ्यास व्हावा.

पूर्वी अशी गाठ पडली नाही असे नाही. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि त्यावेळचे मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. सांची आणि भरहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत ज्या भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांची नावे कोरलेली आहेत ते भोगवर्धन म्हणजे हेच भोकरदन. तेथे हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती मिळाली, जिचे साम्य १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्यामुळे मराठवाड्यातील एका गावाच्या व्यापाराला एक निश्चित कालरेषा मिळते. शिलालेखाचे वाचन, मूर्तिशास्त्र आणि ज्वालामुखीची तारीख ही तिन्ही एकत्र आली तेव्हा कोठे हे कळले.

ज्या विद्यापीठाविषयी आम्ही हे लिहीत आहोत त्याची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना जिवे मारण्यात आले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली होती. त्या काळात ज्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तुरुंग भोगला त्यांना आता एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: या नावाखाली कोणते काम चालले आहे? आमच्या पाहण्यात येणाऱ्या आपल्या तरुणांच्या प्रबंधांपैकी पुष्कळ प्रबंध बाबासाहेबांच्या विचारांवर असतात, आणि त्यांतील बरेच एकमेकांसारखे असतात. बाबासाहेबांवर लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु अस्पृश्याने अस्पृश्यतेवरच लिहावे, बाकीचे विश्व इतरांनी अभ्यासावे, ही वाटणी बाबासाहेबांनी स्वतःच्या बाबतीत २५ व्या वर्षीच नाकारली होती. त्यांनी इंग्रज सरकारच्या रुपयावर ग्रंथ लिहिला. ती वाटणी आता कोणी वरून लादत नसताना आपणच पाळत आहोत, हे आम्हास अधिक बोचते.

त्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास आम्ही नंतर बोलावून चुल्लवग्गाच्या त्या खंधकाचे भाषांतर वाचावयास दिले आणि वेरूळच्या गिलाव्यावरील निबंधाचीही प्रत दिली. पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला. त्याने पानाच्या समासात शिसपेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्याचा प्रश्न असा होता: विनयात तूस सांगितले आहे, अजिंठ्यात तूस आहे, मग वेरूळला भांग कशी आली? नियम बदलला, कारागीर बदलले, की अजिंठ्याच्या भिंतींना कीड लागलेली त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती? आम्हास उत्तर देता आले नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यातील किडीचे अवशेष कोणत्या काळापासूनचे आहेत हे काढता येईल का, याची तो सध्या चौकशी करीत आहे.